राष्ट्रपती आपण निवडत नाही, मग आपल्या मताला किंमत काय?



मागे एकदा शाहूपुरीतल्या आमच्या कचेरीत एक जुने सभासद आले होते. काम साधेच होते. लावणीच्या नोंदीत गट नंबर चुकला होता, तो दुरुस्त करून घ्यायचा होता. काम झाले, चहा आला आणि नेहमीप्रमाणे गाडी राजकारणावर घसरली. आबांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि आम्हांला सरळच विचारले, "देशाचा सगळ्यांत मोठा माणूस राष्ट्रपती. त्येला निवडताना आमास्नी कोण इचारतंय? आमदार-खासदार निवडत्यात. मुख्यमंत्री बी तेच ठरवत्यात. मग आमी उन्हातान्हात रांगेत हुभं ऱ्हायाचं कशाला? पुढच्या टायमाला मी काय मत द्यायला जाणार न्हाई."

आबा ऐंशीच्या घरातले. आजवर एकही निवडणूक त्यांनी चुकवलेली नाही. असा माणूस "जाणार न्हाई" म्हणतो तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखे नसते. शिवाय असे म्हणणारे आबा एकटे नाहीत. पारावर, डेअरीच्या रांगेत, वजनकाट्यावर गाडीची वाट बघत असताना हाच सूर ऐकू येतो. म्हणून या अंकात याच प्रश्नाची उकल करण्याचे आम्ही ठरवले. कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा आमचा हेतू नाही. हिशेब मांडायचा आणि निर्णय तुमच्यावर सोडायचा, एवढेच.

राष्ट्रपतीला मत कोण देतो?

आपल्या राज्यघटनेच्या ५४ व्या कलमात याचे उत्तर आहे. लोकसभेचे आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि सर्व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार मिळून राष्ट्रपतीची निवड करतात. दिल्ली आणि पुदुच्चेरी येथील आमदारांनाही १९९२ च्या ७० व्या घटनादुरुस्तीने हा हक्क मिळाला. नेमलेल्या सदस्यांना मत नाही आणि विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. इथे 'निवडून आलेले' हा शब्द महत्त्वाचा. वरून नेमलेला माणूस कितीही थोर असला तरी या कामात त्याला मत नाही, कारण त्याच्यामागे मतदार उभा नाही.

आमदाराचे एक मत म्हणजे १७५ मते, ती कशी?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आमदार मतपत्रिका एकच टाकतो, पण तिचे वजन राज्याच्या लोकसंख्येवर ठरते. रीत सोपी आहे. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे आणि आलेल्या आकड्याला पुन्हा १,००० ने भागायचे. म्हणजे दर हजार माणसांमागे एक मत.

महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. यासाठी १९७१ च्या शिरगणतीचा आकडा धरतात. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. आमदार २८८. भागाकार केला की एका आमदारामागे सुमारे १,७५,०४२ माणसे येतात. त्याला हजाराने भागले की १७५. म्हणून महाराष्ट्रातल्या प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य १७५, आणि २८८ आमदारांचे मिळून ५०,४००.

याच रीतीने उत्तर प्रदेशातल्या आमदाराचे मत २०८ चे होते, शेजारच्या कर्नाटकातल्या आमदाराचे १३१ चे, गोव्याचे २० चे आणि सिक्कीमचे फक्त ७ चे.

कोणी विचारील, १९७१ चा जुना आकडा अजून का? २०११ च्या शिरगणतीत तर महाराष्ट्र ११ कोटी २३ लाखांवर गेला. कारण असे, की ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन घटू नये आणि ज्यांनी घेतले नाही त्यांना बक्षीस मिळू नये, म्हणून १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवला. पुढे २००१ मध्ये ८४ व्या दुरुस्तीने मुदत वाढवली. २०२६ नंतरच्या पहिल्या शिरगणतीचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चाच आकडा चालायचा आहे.

खासदाराच्या मताचे मूल्य असे काढतात, की देशातल्या सर्व आमदारांच्या मतांची बेरीज करायची आणि तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचे. २०२२ च्या निवडणुकीत ही बेरीज ५,४३,२३१ होती. लोकसभेचे ५४३ आणि राज्यसभेचे २३३ मिळून खासदार ७७६. भागाकार ७००. म्हणजे एका खासदाराच्या चिठ्ठीचे वजन ७००. सगळे खासदार एका पारड्यात आणि सगळे आमदार दुसऱ्या पारड्यात घातले तर काटा जवळजवळ बरोबरीवर उभा राहतो. केंद्र आणि राज्ये यांचा शब्द सारखा राहावा यासाठीच ही योजना आहे.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत: चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. दहा आमदारांचे प्रत्येकी १७५ म्हणजे १,७५०. सिक्कीमच्या सगळ्या ३२ आमदारांची मते एकत्र केली तरी २२४ होतात. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याचे आमदार त्या अख्ख्या राज्याच्या जवळजवळ आठपट वजनाचे आहेत. त्याशिवाय कोल्हापूर आणि हातकणंगले असे दोन खासदार. २०२२ च्या दराने त्यांचे १,४०० झाले. हातकणंगल्यात सांगली जिल्ह्यातले दोन विधानसभा मतदारसंघ येतात, पण मोठा भाग आपलाच.

सगळ्या महाराष्ट्राचा हिशेब केला तर आमदारांचे ५०,४००, लोकसभेच्या ४८ आणि राज्यसभेच्या १९ खासदारांचे मिळून ४६,९००, एकूण ९७,३००. देशाची बेरीज २०२२ मध्ये १०,८६,४३१ होती. म्हणजे शंभरात जवळजवळ नऊ मते महाराष्ट्राची.

आबांना आम्ही हा कागद मांडून दाखवला. ते म्हणाले, "हे सगळं आमदाराचं झालं. ह्यात माझं कुठं हाय?" प्रश्न रास्त होता.

१७५ चे वजन कोणाकडे द्यायचे, हे ठरवणारी चिठ्ठी आबांची आहे. आणि ती ठरते कधी कधी फार थोड्या मतांवर. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला. दोन्ही बाजूंना साडेचार लाखांवर मते, आणि फरक ४८. एका मोठ्या वाड्यातली माणसे. त्याच वर्षी विधानसभेला भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचा निकाल २०८ मतांनी लागला. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात तर एका मताने माणूस पडला. या प्रत्येक ठिकाणी शे-दोनशे माणसांनी, कुठे एकाच माणसाने, "आपल्या मतानं काय होतंय" म्हणून घरी बसण्याने वा न बसण्याने पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे वजन इकडचे तिकडे झाले असते.

१९६९ ची गोष्ट

"पण राष्ट्रपतीची निवडणूक तर आधीच ठरलेली असते," असेही काही जण म्हणतात. बहुतेक वेळा ते खरे आहे. २०२२ मध्ये श्रीमती द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ आणि श्री. यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची मते मिळाली. २००७ मध्ये आपल्या जळगावच्या श्रीमती प्रतिभाताई पाटील ६,३८,११६ मते मिळवून पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. समोरचे श्री. भैरोसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मिळाली. असे निकाल मतदानाआधीच दिसत असतात. पण ते दिसतात ते आधी झालेल्या विधानसभा-लोकसभा निवडणुकांमुळे. तुमच्या-आमच्या बोटाला शाई लागली त्या दिवशीच हा निकाल निम्मा लिहिला गेलेला असतो.

आणि एकदा तो अजिबात दिसत नव्हता. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार श्री. नीलम संजीव रेड्डी. त्यांच्यासमोर अपक्ष म्हणून श्री. व्ही. व्ही. गिरी. तिसरे होते आपले मराठी माणूस, डॉ. चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देणारे. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या असे सांगितले आणि सत्ताधारी पक्षाचीच दोन शकले पडायची वेळ आली. या निवडणुकीत मतदान गुप्त असते आणि पक्षाचा व्हिप लागू होत नाही, म्हणून कोण कुठे जाईल याचा नेम नव्हता.

ही निवडणूक पसंतीक्रमाची असते. मतदार १, २, ३ असे आकडे घालतो. वैध मतांच्या निम्म्याहून जास्त मते पहिल्या पसंतीत कोणाला मिळाली नाहीत, तर तळच्या उमेदवाराला बाद करून त्याच्या चिठ्ठ्यांवरची पुढची पसंती वरच्यांना देतात. १९६९ मध्ये निवडून यायला ४,१८,१६९ मते हवी होती. पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मिळाली. कोणीच रेषा ओलांडली नाही. मग खालच्या उमेदवारांच्या चिठ्ठ्या वाटल्या. त्यातून रेड्डींना ९१,८७९ मिळाली आणि गिरींना केवळ १८,५६२. पण गिरींना तेवढीच पुरली. शेवटचा हिशेब: गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०.

चौदा हजार सहाशे पन्नास हा आकडा मोठा वाटेल, पण आजच्या महाराष्ट्राच्या दराने ते ८४ आमदार होतात. देशभरातून तेवढे आमदार दुसऱ्या पक्षाचे आले असते तर निकाल फिरू शकला असता. त्या निवडणुकीनंतर काही महिन्यांतच काँग्रेस फुटली. देशाच्या राजकारणाला वळण देणारी ती निवडणूक, आणि तिच्यात मते टाकणारे आमदार आधी कुठल्या ना कुठल्या गावच्या शाळेत लावलेल्या पेटीतून आलेले होते.

पसंतीक्रमाचे ताजे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांची निवडणूक झाली. तिथे मतदार म्हणजे विधानसभेचे आमदार. सहाव्या जागेसाठी चुरस होती ती कोल्हापूरच्याच दोघांत, श्री. धनंजय महाडिक आणि श्री. संजय पवार. पहिल्या पसंतीत पवार पुढे होते, पण दुसऱ्या पसंतीच्या मतांवर महाडिक निवडून आले. कोण जिंकले हा आमचा विषय नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच, की आमदार एकदा निवडला की तो पाच वर्षे नुसता विधानसभेत बसत नाही. तो राज्यसभेचा खासदार निवडतो, विधान परिषदेचे काही आमदार निवडतो, राष्ट्रपती निवडतो आणि मुख्यमंत्री टिकेल की पडेल हेही त्याच्या हातावर ठरते. एका दिवशी टाकलेले आपले मत पाच वर्षे असे राबत असते.

थेट निवडणूक का ठेवली नाही?

घटना समितीत हा प्रश्न निघाला होता. प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्रपती सर्व प्रौढ मतदारांनी थेट निवडावा अशी दुरुस्ती मांडली होती. पंडित नेहरू आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची बाजू निराळी होती. आपल्याकडे कारभार मंत्रिमंडळ चालवते आणि ते लोकसभेला जबाबदार असते. राष्ट्रपती त्याच्या सल्ल्याने वागतो. अशा माणसाला कोट्यवधी मतदारांनी थेट निवडून दिले, तर तो म्हणणार, मीही जनतेचाच आहे, मी पंतप्रधानाचे का ऐकू? एका म्यानात दोन तलवारी. शिवाय पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीलाच १७ कोटींच्या वर मतदार होते. एवढा खटाटोप नामधारी पदासाठी करणे त्यांना योग्य वाटले नाही.

हे दोन तलवारींचे प्रकरण आपल्याला नवे नाही. सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा महाराष्ट्रात २०१७ मध्ये झाला, २०२० मध्ये रद्द झाला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. थेट निवडीत सरपंचाला गावाची ताकद मिळते आणि सदस्यांची पळवापळवी थांबते, हा फायदा. पण सरपंच एका पॅनेलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनेलचे असे झाले की ठराव अडतात, गटाराचे काम पडून राहते, हा तोटा. आपण दोन्ही रीती पाहिल्या आहेत. दोन्हींत गुण आहेत, दोन्हींत खोटही आहे.

राष्ट्रपती नामधारी म्हटला तरी त्याची सही म्हणजे नुसता शिक्का नव्हे. २५ जून १९७५ ची आणीबाणी राष्ट्रपतींच्याच सहीने लागू झाली. महाराष्ट्रात १९८०, २०१४ आणि २०१९ अशी तीनदा राष्ट्रपती राजवट आली, तीही त्याच सहीने. उलट २००६ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदाविषयीचे विधेयक फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठवले होते. तेव्हा त्या खुर्चीवर कोण बसतो याला अर्थ आहे.

अमेरिकेची रीत आणखी वेगळी. आपल्या भागातली कितीतरी मुले आज तिकडे आहेत, त्यांना ती ठाऊक असेल. तिथला राष्ट्राध्यक्ष खरा कारभारी असतो, तरी त्याची निवड ५३८ निर्वाचकांमार्फत होते आणि जिंकायला २७० लागतात. बहुतेक राज्यांत जो पुढे राहील त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. २००० साली श्री. अल गोर यांना देशभरात पाच लाखांवर मते जास्त मिळाली, पण फ्लोरिडा राज्यात ते ५३७ मतांनी मागे राहिले आणि श्री. जॉर्ज बुश २७१ निर्वाचकांवर राष्ट्राध्यक्ष झाले. अप्रत्यक्ष पद्धतीत अशी उलथापालथ होऊ शकते, हे मान्य केले पाहिजे.

उणीव लपवायची नाही

हा हिशेब मांडून आम्ही आबांना गप्प केले असे कोणी समजू नये. त्यांच्या म्हणण्यातला खरा भाग आम्हांला पटतो. आमदारकीच्या प्रचारात राष्ट्रपती कोण असावा हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. आपण मत देतो ते पाणी, रस्ता, वीज आणि उसाचा दर बघून. पुढे आमदाराने राष्ट्रपतीसाठी कोणाला मत दिले हे आपल्याला कळत नाही, कारण ते गुप्त. आणि एकदा मत दिले की पाच वर्षे ते परत घेता येत नाही. प्रत्येक पायरीवर मतदार आणि निवडलेला माणूस यांच्यातले अंतर वाढत जाते. मतदार जितके थोडे, तितके त्यांना गाठणे, दटावणे किंवा खूश करणे सोपे. हा अप्रत्यक्ष निवडणुकीचा जन्मजात दोष आहे.

तो दोष दिल्लीपेक्षा आपल्याला गावात जास्त जवळून दिसतो. आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या सहकारी संस्थांच्या निवडणुकीत गावच्या संस्थेचा एकच माणूस मत देतो. त्याला आपण ठरावधारक म्हणतो. दूध संस्थेचे सभासद कमिटी निवडतात, कमिटी ठराव करून एकाला अधिकार देते आणि तो जिल्ह्याला जाऊन मत टाकतो. निवडणूक जवळ आली की ठरावधारकांच्या सहली निघतात, हे सांगायला नको.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावच्या संस्थेच्या कमिटीची निवडणूक लागली होती. अर्ज भरायची मुदत होती त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती, पाण्याची पाळी होती. 'कोण त्या भानगडीत पडतो' म्हणून आम्ही अर्ज भरला नाही, दुसऱ्या कोणाला भरायलाही सांगितले नाही. निवडणूक बिनविरोध झाली. गावात पेढे वाटले, ते आम्हीही खाल्ले. पुढे जिल्ह्याच्या निवडणुकीचा ठराव आला. कमिटीने तो ज्याला दिला, तो माणूस सहलीला गेला आणि परत आला तो मत टाकूनच. त्याने कोणाला मत द्यावे याबद्दल गावातल्या दूध घालणाऱ्या एकाही बाईला, एकाही गड्याला कोणी विचारले नाही. आम्ही पारावर तावातावाने बोललो. तेव्हा एका म्हाताऱ्या चुलत्यांनी एवढेच विचारले, "बिनविरोध झाली तवा तू कुठं हुतास?"

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. पेढा गोड लागला होता, एवढेच.

त्या दिवसापासून आम्हांला एक गोष्ट उमगली. अप्रत्यक्ष निवडणुकीत आपले मत वाया जात नाही, पण ते द्यायची पायरी खालची असते. ती पायरी चुकवली तर वरच्या पायरीवर ओरडून उपयोग नसतो. ठरावधारकावर राग काढायचा तर तो कमिटी निवडताना काढायला हवा. राष्ट्रपतीबद्दल मत असेल तर ते आमदार-खासदार निवडताना आठवायला हवे. उमेदवार दारात येतो त्या दिवशी त्याला विचारावे, "बाबा, वर गेल्यावर तू कोणाच्या बाजूनं हात वर करणार?" हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्या कारखान्याचे काय?

आपला चेअरमनही आपण थेट निवडत नाही. सभासद संचालक निवडतात आणि संचालक चेअरमन निवडतात. पण सहकाराच्या कायद्यात एक गोष्ट फार मोलाची आहे. माणशी एक मत. दहा शेअरवाल्याला एकच आणि एका शेअरवाल्यालाही एकच. शंभर टन ऊस घालणारा आणि दहा टन घालणारा इथे एका रांगेत उभे राहतात. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आमदाराच्या मतामागे माणसांचे डोके मोजले जाते, आपल्याकडेही डोकेच मोजले जाते, भांडवल नाही.

तुमची मोळी गव्हाणीत पडली की पुढे ती वेगळी ओळखता येत नाही. साखरेच्या पोत्यावर कोणाचे नाव नसते. म्हणून कोणी म्हणतो का, की माझ्या मोळीचा उताऱ्याशी संबंध नाही? वाळलेला, पाचटासकट ऊस दहा जणांनी घातला तर उतारा सगळ्यांचा खाली येतो आणि दर सगळ्यांना कमी मिळतो. मताचेही तसेच आहे.

तेव्हा आमची विनंती तीन गोष्टींची. मतदार यादी लागली की आपले आणि घरातल्या अठरा पुरी केलेल्या मुला-मुलींचे नाव तपासा. गावच्या सोसायटीची, दूध संस्थेची निवडणूक असो वा वार्षिक सभा, नोटीस वाचा आणि जा. 'बिनविरोध' शब्द ऐकला की पेढा खाण्याआधी विचारा, विरोध नव्हता की माणूसच आला नव्हता? आणि मत मागायला येणाऱ्याला त्याच्या पुढच्या मतांचा हिशेब विचारा.

आबा जाताना आमचा आकडेमोडीचा कागद मागून घेऊन गेले. घडी घालून टोपीत ठेवला. मत देणार का, असे आम्ही विचारले नाही. ते स्वतःच दारात थांबून म्हणाले, "येकशे पंच्याहत्तराचा मानूस निवडायचा म्हंजे नीट बघूनच निवडाय पायजे की." श्रीमती मुर्मू यांची मुदत जुलै २०२७ मध्ये पूर्ण होते. तेव्हा पुन्हा हे सारे आकडे नव्याने मांडले जातील. त्यांत आपल्या दहा आमदारांचे १,७५० असतीलच. ते कोणाच्या हाती गेले आहेत, ते आपण आधीच ठरवलेले असेल.

एवढे सांगून थांबतो.

जय सहकार!